जुन्या फ्लॅटला पहिली बोली किती लावायची?

मालक सांगतो तो आकडा म्हणजे त्याची इच्छा. त्याच सोसायटीत खरे व्यवहार कितीला झाले ते 'सूची क्रमांक २' मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात, दिसतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक (सर्व्हे किंवा सिटीएस म्हणजे सिटी सर्व्हे) टाकून अलीकडचे दस्त काढा. मोबदल्याला, म्हणजे दस्तातल्या किमतीला, कार्पेट (भिंती सोडून आतल्या) क्षेत्रफळाने भागा, की चौरस फुटाचा दर निघतो. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर आधी १०.७६ ने गुणा. एजंट बहुधा बिल्ट-अपवर (भिंती धरून) बोलतो, गफलत तिथेच होते. रेडीरेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, बोलीसाठी नाही.

मग स्वतःचा खिसा. पुण्यात ६० लाखांचं घर घेताना बँक फार तर ८० टक्के देईल, म्हणजे १२ लाख तुमचे. वर ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार (एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी) आणि नोंदणीचे ३० हजार. झाले साडेसोळा लाख! दलाली वेगळीच.

दस्तांतल्या दराने या फ्लॅटची होणारी किंमत आणि तुमच्या खिशाला झेपणारी किंमत, या दोन्हींतला लहान आकडा ही तुमची कमाल. तो कागदावर लिहून ठेवा, मालकाला सांगू नका. पहिली बोली मी तरी त्याच्या पाच-सात टक्के खाली लावेन, आणि दस्तांच्या प्रती समोर ठेवून.