बियाण्याच्या सोयाबीनला हडंब्याची घाई नको

परतीचा पाऊस डोक्यावर आहे, काढलेल्या सोयाबीनच्या गंज्या रानात उभ्या आहेत, म्हणून घाई आहे हे कळतं. विकायचा माल काढा बिनघोर. पण पुढच्या जूनला जे बी पेरणार आहात त्याची गंजी वेगळी लावा, ताडपत्रीने झाका आणि त्याची मळणी वेगळी, हळू करा. दरवर्षी सांगतो, दरवर्षी लोक 'हो' म्हणतात आणि सगळं एकाच हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात, एकाच वेगाने घालतात.

हडंबेवाला पोत्यामागे पैसे घेतो. ड्रम जितका पळेल तितका त्याचा दिवस भरतो. मालाचा थोडा चुरा झाला तर आडतीवर कटती लागेल, तेवढंच. बियाण्याचं नुकसान मात्र तेव्हा दिसत नाही. ते आठ महिन्यांनी, पेरलेल्या ओळीत बी न उगवून तुटाळ, म्हणजे मोकळ्या जागा, पडल्यावर दिसतं.

गेल्या जूनमध्ये एक शेतकरी रुमालात घरचं बी बांधून घेऊन आले. दिसायला पिवळंधमक. ताटलीत पाणी घेऊन दहा दाणे टाकले. पाच-सात मिनिटांत चांगल्या दाण्याच्या सालाला सुरकुत्या पडतात. फुटक्या सालाचा दाणा भसकन पाणी ओढून फुगतो. दहापैकी चार फुगले. भिंग लावलं तर दाण्याच्या डोळ्याच्या, म्हणजे तो शेंगेला जोडलेला असतो त्या खुणेच्या, शेजारी केसासारखी चीर. मोड येणारा कोंब नेमका तिथेच, कागदाइतक्या पातळ सालाखाली असतो. पेरणी दोन दिवसांवर आली होती. तेव्हा काय करणार?

साल म्हणजे नुसतं वेष्टन नव्हे. सोयाबीनच्या सालात कायटिनेज नावाचं प्रथिन साठवलेलं असतं. बुरशीच्या अंगातलं कायटिन ते तोडतं, आणि बी भिजलं की बाहेर झिरपतं. मुळ्याच्या बियांत असाच प्रकार बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी 1990च्या दशकात दाखवला: साल उकलतं त्याच घडीला बुरशी अडवणारी डिफेन्सिन प्रथिनं दाण्याभोवती पसरतात. ही प्रथिनं बनवणारी जनुकं बियाण्यात आणि मातृझाडात आधीपासूनच असतात. शिवाय साल हा दाण्याचा नव्हे, मातृझाडाचा भाग. शेंग भरताना ते तयार होतं आणि दाणा वाळला की त्यातल्या पेशी मेलेल्या असतात. त्याला पडलेली चीर बुजत नाही. उलट चिरेतून दाण्यातली साखर मातीत पाझरते, आणि बुरशीला आमंत्रणच मिळतं.

त्यात आपलं सोयाबीन पिवळं. रानटी सोयाबीनचा दाणा काळा असतो. पिवळ्या वाणांत सालाचा रंग बनवणारं जनुक नैसर्गिकरीत्याच दबलेलं आहे. जेएस 335 या वाणाच्या दाण्यावरचा काळा डोळा पाहा, जुना रंग तेवढ्याच जागी उरलाय. मध्य प्रदेशातलं काळं कालीतूर किंवा उत्तराखंडातलं भट्ट साठवणुकीला टिकतं, त्यात या सालाचा वाटा आहे. पिवळ्याला तो आधार नाही, म्हणून त्याला जास्त जपायचं. फुले संगमसारख्या वाणाच्या टपोऱ्या दाण्याला मार जास्त बसतो असा माझा अंदाज आहे. कुठे मोजलेलं नाही, पण पाण्याच्या ताटलीत तसं दिसतं.

2019च्या ऑक्टोबरात काढणीवरचं सोयाबीन भिजलं आणि 2020च्या खरिपात बी उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या, आठवत असेल. तेव्हा पावसाने मारलं. हडंबा तर आपल्या हातात आहे.

दाणा 14 टक्के ओलीचा असेल तर ड्रम मिनिटाला 400 ते 500 फेरे, 13 टक्क्यांवर आला असेल तर 300 ते 400. सुका दाणा जास्त फुटतो, म्हणून वेग आणखी कमी. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरा: दबला तर अजून ओला आहे, कट्ट वाजून दोन फाकी झाल्या तर सुकलाय. हडंबेवाल्याला पोत्यामागे चार पैसे जास्त द्या आणि पहिल्या घमेल्यातले दाणे लगेच पाण्यात टाकून बघा. फुगले तर वेग तिथेच उतरवा. एकरभराचंच बी हवं असेल तर काठीने बडवून काढा, त्यासारखं काही नाही. ट्रॅक्टर फिरवून तर मुळीच काढू नका.

बाकीची कामं:

– बियाण्याला निरोगी झाडांचा तुकडा. शेंगा करपा रोगाचा, जांभळ्या डागाचा दाणा बाद
– वाळवण ताडपत्रीवर, पातळ थर. तापलेल्या सिमेंटवर नाही
– साठवताना ओलावा 9 ते 12 टक्के
– गोणपाटाची पोती, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून लांब
– शंभर किलोची पोती चारपेक्षा जास्त थप्पीला नको
– पोती आपटायची नाहीत
– खताच्या खोलीत बी नको

आता दुकानात 'बियाण्याची इम्युनिटी वाढवणारी' बाटली दाखवतील. पावडरही असेल. फुटलेलं साल कुठलीच बाटली शिवत नाही. जूनमध्ये पेरणीआधी कार्बोक्झिन अधिक थायरम हे बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम, मग रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं प्रत्येकी 25 ग्रॅम, सावलीत सुकवून पेरायचं, एवढं पुरतं. रासायनिक लावायचं नसेल तर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी किलोला 8 ते 10 ग्रॅम. आत्ता साठवताना दाण्याला काही चोळू नका. उरलं तर विकता येत नाही, खाताही येत नाही.

मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून लावा. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवा. साठच्याही खाली आलं तर ते पोतं आडतीवर घाला आणि दुसरं बी बघा, तेव्हा हाताशी अजून महिना असेल.