जुना डाय-कास्ट रोबो घेताना आणि सांभाळताना

डाय-कास्ट, म्हणजे साच्यात दाबाने ओतलेल्या धातूचा, खेळण्यातला रोबो हातात घेतला की माणूस आधी त्याच्या वजनावर भाळतो आणि सांधे, मुलामा, प्लास्टिकचे भाग बघायचे राहून जातात. नेमकी पडझड तिथेच झालेली असते. आख्खा रोबो धातूचा असणं तसं दुर्मीळच. बहुधा छाती, कंबर किंवा पाय धातूचे असतात; डोकं, मुठी आणि पंख प्लास्टिकचे.

१९७४ मध्ये बंदाई या जपानी खेळणी कंपनीच्या पॉपी या उपकंपनीने जपानमध्ये ‘चोगोकिन’ मालिका सुरू केली. तिचा पहिला क्रमांक जीए-०१, म्हणजे माझिंगर झेड, त्याच नावाच्या जपानी चित्रकथेतला रोबो. चोगोकिन हे नाव त्याच कथेतल्या काल्पनिक धातूचं. प्रत्यक्षात ओतलेला असतो तो जस्ताचा मिश्रधातू. १९९७ पासूनच्या ‘सोल ऑफ चोगोकिन’ मालिकेची सुरुवातही माझिंगर झेडनेच झाली, क्रमांक जीएक्स-०१. ताकारा या दुसऱ्या जपानी कंपनीच्या डायाक्लोन मालिकेतले बरेच रोबो १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स म्हणून आणले. नव्याने जमवायला बसलात तर यांतली एकच मालिका धरा. एका मालिकेतले दहा नग नीट बघितले की अकराव्यातली खोट आपोआप डोळ्यांत भरते.

धातू ओळखायला चुंबक लावू नका. जस्ताला चुंबक चिकटत नाही. चिकटलाच तर तो आतल्या पोलादी स्क्रूला किंवा पिनेला. भाग गालाला टेकवून बघा. धातू गार लागतो, क्रोम चढवलेलं प्लास्टिक तितकं गार लागत नाही.

मग टॉर्च तिरकी धरून धातूच्या कडा आणि सांध्यांभोवतीची जागा तपासा. रंग उडून खाली गुळगुळीत करडा धातू दिसत असेल तर ती नुसती झीज आहे, घाबरायचं कारण नाही. पण रंगाखाली बारीक फुगवटे असतील, कडेला केसासारखे तडे दिसत असतील किंवा पाय फुगल्यासारखा होऊन सांध्यात घट्ट बसला असेल, तर धातू आतून सडतोय असं समजा. ओतताना मिश्रधातूत शिसं किंवा कथील मिसळलं गेलं की कणांच्या सीमांवर गंज धरतो आणि दमट, उबदार हवेत तो झपाट्याने वाढतो. याला उपाय नाही. वरून रंग दिला तरी आतली कुज थांबत नाही. शेजारच्या रोबोला ती लागत नाही, एवढाच दिलासा. असा नग कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

प्लास्टिकवरचं क्रोम म्हणजे अतिपातळ धातूचा थर आणि त्यावर लाखेसारखं आवरण. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, ब्लीच किंवा जोराने घासणं, यांतलं काहीही झालं की खालचं प्लास्टिक उघडं पडतं. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा. डाग असेल तर कापसाचा बोळा साध्या पाण्यात भिजवा, पिळा आणि नुसता टेकवून उचला. स्टिकरच्या कडेला पाणी लागू देऊ नका.

उघडायची वेळ आली तर पेचकस जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, टोकाचा घ्या. नेहमीचं फुलीच्या आकाराचं फिलिप्स टोक या स्क्रूंमध्ये नीट बसत नाही, निसटतं आणि खाच खाऊन टाकतं. स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. ‘टक्’ करून तो जुन्या आट्यांत उतरला की मगच सुलटा पिळा. थेट पिळला तर प्लास्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि दोन-तीन खेपांत भोक सैल होतं. सांध्यातल्या पिनेच्या एका टोकाला बहुधा रेघा असतात. गुळगुळीत टोकाकडून ठोका, म्हणजे ती रेघांच्या बाजूने बाहेर येते. उलट ठोकली तर रेघा भोकभर घासत जातात आणि सांधा कायमचा ढिला पडतो.

मुठी, क्षेपणास्त्रं, तलवार हे सगळं खोक्यावरच्या चित्राशी ताडून मोजा. सुटी मूठ मिळवणं फार जिकिरीचं असतं आणि मिळाली तरी ती नंतर कुणी बनवलेली असू शकते. रंगाची छटा आणि साच्याची रेघ दुसऱ्या मुठीशी जुळते का ते बघा. क्षेपणास्त्रं मूळ चौकटीतून तोडलेली नसतील तर तशीच राहू द्या. मूठ उडवणारा स्प्रिंगचा खटका ताणून ठेवू नका. सततच्या दाबाने प्लास्टिकची पकड वाकते आणि मग मूठ उडतच नाही.

ठेवायला काचेचं, धातूच्या फळ्यांचं कपाट उत्तम. प्लायवुड आणि एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांतून) आम्लाची वाफ सुटते, तिने उघड्या जस्तावर पांढरी भुकटी धरते. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील इतकं सिलिका जेल ठेवा आणि ऊन अजिबात येऊ देऊ नका; पांढरं प्लास्टिक आधी पिवळं पडतं. मऊ पीव्हीसीच्या मुठी थेट थर्माकोलवर ठेवू नयेत. त्यातलं मऊ करणारं द्रव्य झिरपून थर्माकोल विरघळवतं आणि मूठ त्याला चिकटते. मध्ये पॉलिथिनची पिशवी घाला.

पार्सल करताना निघणारे सगळे भाग काढून वेगवेगळे गुंडाळा. खोक्यात धातूचा पाय सैल राहिला, तर पहिल्याच धक्क्याला तो स्वतःच्याच रोबोचं शिंग मोडतो.