इंजिन बदललं, सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही

अशा वेळी लोक थेट ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, संशय घेतात. मी मात्र आधी अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट, बघतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने बॉडीपासून जवळपास तुटलेलंच. जाड अर्थ पट्टी लावायची राहिली, तर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलसारख्या भलत्याच वाटेने परततो. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टीखालचा रंग खरवडून ती पुन्हा आवळा.

मग कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारा भाग. किल्ली ऑनवर असताना १२ व्होल्ट मिळाले म्हणून हुरळून जाऊ नका. किल्ली स्टार्टला गेली की काही वायरींचा सप्लाय तुटतो, आणि घाईत नेमकी तसलीच वायर पकडली जाते. सेल्फ फिरत असतानाच मोजा.

सप्लाय आहे, ठिणगी नाही? ईसीएमची माहिती वाचणाऱ्या स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम बघा. शून्यच असेल तर क्रँक सेन्सरचा (दातेरी चकतीवरून इंजिनचं फिरणं ओळखणारा) कनेक्टर आणि चकतीपासूनचं अंतर तपासा. इथे खरी मेख असते: चकतीवरचे दात. ६० वजा २ (६० दातांच्या जागा, त्यातले २ गाळलेले) अपेक्षित असलेल्या ईसीएमला ३६ वजा १ ची चकती कळत नाही, मग सेन्सर कितीही बदला.

पेटून लगेच बंद पडते? बहुधा इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा; किल्ली आणि ईसीएमची जोडी जुळवून घ्या.

आणि हो, ईसीएमच्या वायरींना बल्बवाला टेस्टर लावू नका. मीटरच वापरा.