मातीच्या जुन्या वास्तूंची पावसाळ्यापूर्वीची निगा

वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये १९३६ सालापासून उभ्या राहिलेल्या आदि निवास, बा कुटी आणि बापू कुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड आणि कवेलू (कौले) यांच्या आहेत. नियमित निगा राखली तर असे बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या टिकते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. आपल्या गावातील जुन्या घराची किंवा चावडीची निगा घ्यायची असल्यास आरंभ छपरापासून करावा.

मृगाचा पाऊस येण्याआधी कवेलू फेरून घ्यावेत, फुटलेले बदलावेत आणि खालचे बांबू वाळवीने पोखरले आहेत का, हे टोकरून पाहावे. त्यानंतर वळचणीचे पाणी पायथ्याशी साचू नये, यासाठी भिंतीपासून दूर उतार काढावा.

भिंतीची भेग मात्र सिमेंटने कधीही बुजवू नये. मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते, पण सिमेंटचा थर ती ओल आतच कोंडतो, त्यामुळे माती भुसभुशीत होऊन गिलाव्यासह पोपडे सुटतात आणि चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीच वास्तूच्या मुळावर येते. त्याऐवजी चाळलेली माती व बारीक कुटार (पिकाचा भुसा) काही दिवस भिजवून, भेग ओलसर करून पातळ थरांनी लिंपावी आणि प्रत्येक थर सुकू द्यावा.

वास्तू केंद्र किंवा राज्य शासनाच्या संरक्षित यादीत असल्यास पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय कोणतेही काम करू नये.