शिवणकाम शिकायला येताय? आधी ब्लेड घेऊन बसा

शहाद्यात मी शिवणवर्ग घेते. येणारी बहुतेक पोरं-पोरी धडगाव-तळोद्याकडच्या पाड्यांवरची, घरचे ऊसतोडीला गेलेले. पहिल्याच दिवशी मोबाइलवर लेहंगा दाखवतात, "ताई, हा शिकवा." मी त्यांच्या हातात जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाउज आणि ब्लेड देते. उसवा.

तोंडं पडतात. "माले नही जमत" हेही ऐकू येतं. पण उसवलेले तुकडे वर्तमानपत्रावर पसरले की कळतं, पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलवा, मागच्यापेक्षा खोल कापलेला असतो. हे वहीत दहादा लिहून डोक्यात जात नाही. त्याच तुकड्यांभोवती पेन्सिल फिरवली की पहिला कागदी कट, म्हणजे कापायचा नमुना, तयार.

दुसरं, अस्तर भिजवून, वाळवून मगच कापा. मी एकदा घाई केली. कानबाईच्या सणाचा ब्लाउज, पहिल्याच धुण्यात अस्तर आकसलं आणि वरचं कापड फुगलं. कापडाचे पैसे मला भरावे लागले, वर त्या मावशी दोन वर्षं फिरकल्या नाहीत.

रीतसर शिकायचं तर आयटीआयमध्ये आठवी पासवर एक वर्षाचा शिवणकामाचा ट्रेड आहे. ग्रामीण तरुणांना बँकेच्या आरसेटीत, म्हणजे स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, राहणं-जेवण धरून फुकट शिकता येतं. कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेच्या मागे मात्र लगेच लागू नका. त्यात प्रशिक्षणाला रोज 500 रुपये आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात खरे, पण ती आधीपासून हा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. वय 18 पूर्ण हवं आणि घरातून एकालाच.

डिझाइन कुठून आणायचं, असं विचारतात. अरे, होळीआधीच्या आदिवासी भोंगऱ्या बाजारात काय बघता मग? एक पावरा आदिवासी पोरगा होळीसाठी मण्यांच्या माळा ओवायचा. मशीनवर त्याची शिलाई वाकडी जायची, मला वाटलं हा टिकत नाही. त्यानं त्याच रंगक्रमात ब्लाउजच्या पाठीची लटकनं केली. बायकांनी हातोहात नेली.

अडचण पुढेच होती. भाव विचारला की तो मान खाली घालून म्हणायचा, "द्या काय द्यायचं ते." सामान किती, वेळ किती, हे त्याच्याकडून पाटीवर लिहून घ्यायला मला महिना लागला. आता जोडी 60 रुपये. पाटी दाराला टांगलेली आहे आणि खाली त्यानंच खडूनं लिहिलंय, 'उधारी होळीला चुकती करावी.'