बेंचवरच्या कॉलेज प्लेअरचे आकडे कसे वाचायचे

कॉलेज बास्केटबॉलमधल्या बेंचवरच्या पोराचे आकडे उघडले की नजर आधी पॉइंट्सवर जाते, सरासरी ४ दिसली की 'काही दम नाही' म्हणून आपण मोकळे. तसं नका करू, आधी मिनिटं बघा. एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) मॅच ४० मिनिटांची, कोर्टवर ५ जण, म्हणजे ओव्हरटाइम सोडला तर कोचकडे वाटायला एकूण २०० मिनिटं. स्टार्टर्स, म्हणजे मॅच सुरू करणारे पाच जण, ३०-३० खेळले की १५० तिथेच संपली, उरलेल्या ५० मध्ये बाकीचे सगळे. त्यातून एखाद्याला १५ मिळतायत म्हणजे कोचचा त्याच्यावर बऱ्यापैकी भरवसा आहे.

आता यातली गोम. सरासरी फक्त खेळलेल्या मॅचेसवर काढतात, ज्या दिवशी पोरगा बाकावरून उठलाच नाही तो दिवस हिशोबातच नाही. ८ मिनिटं सरासरी असलेले दोघं घ्या, एक ३० मॅच खेळलाय, दुसरा १२. पहिल्याची २४० मिनिटं झाली, दुसऱ्याची फक्त ९६, आणि कागदावर दोघं सारखे!

म्हणून गेम लॉग, म्हणजे एकेका मॅचचे आकडे, उघडायचा, खरी मजा तिथेच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठ्या टीम्स बऱ्याचदा कमजोर टीमला घरी बोलवून धुतात, तेव्हा शेवटची ८-१० मिनिटं बेंचला मोकळं रान मिळतं आणि तिथले १४ पॉइंट सीझनभर सरासरीला टेकू देत राहतात. जानेवारीत कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्याच गटातल्या टीम्सशी होणाऱ्या, मॅचेस रंगात आल्या की याची मिनिटं टिकली का घसरली ते बघा. अचानक वाढली असतील तर आधी चेक करा की कोणी स्टार्टर जखमी आहे का किंवा फाउलमध्ये अडकला होता का. आणि ५-६ पॉइंटच्या आत सुटलेल्या मॅचेस वेगळ्या काढा, त्यात शेवटच्या चार मिनिटांत हा कोर्टवर असेल तर मला बाकी काही बघायची गरज वाटत नाही.

स्टार्टर आहे की नाही यावर फार जाऊ नका. मार्विन विल्यम्स २००४-०५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाकडून एकही मॅच स्टार्ट न करता ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम्स नवे प्लेअर निवडतात तिथे) दुसरा गेला. २२ मिनिटांत ११.३ पॉइंट होते त्याचे, टीम चॅम्पियन झाली, सुरुवातीच्या पाचात जागाच नव्हती एवढंच.

मग येतं पर-४०, म्हणजे आकडा भागिले मिनिटं गुणिले ४०. गोंझागा युनिव्हर्सिटीचा झॅक कॉलिन्स २०१६-१७ मध्ये बेंचवरून साधारण १७ मिनिटांत १० पॉइंट करायचा, पर-४० काढलं तर २३ च्या आसपास. भारी ना? पण ४० मिनिटं खेळायला आधी कोर्टवर टिकावं लागतं. कॉलेजात ५ फाउलला बाहेर, आणि नॉर्थ कॅरोलिनाविरुद्धच्या फायनलमध्ये तो १४ मिनिटांतच पाचही फाउल करून बसला. त्यामुळे पॉइंट्सचं पर-४० काढलंत की फाउल्सचंही काढा, ७-८ येत असतील तर तो २३ चा आकडा स्वप्नातलाच. (कॉलिन्स तरी दहावा ड्राफ्ट झाला, स्काउट्सनी बरोबर ओळखलं.) आणि सगळी मिळून १०० मिनिटंसुद्धा नसतील तर पर-४० काढूच नका, उगाच दिवास्वप्नं.

शूटिंगचंही तेच. २० पैकी ९ थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) म्हणजे ४५ टक्के, दोन कमी पडले असते तर ३५. एवढ्याशा आकड्यावर कोणाला शूटर म्हणू नका, फ्री थ्रोचा टक्काही बघा, हात कसा आहे त्याचा अंदाज येतो. प्लस-मायनस (तो कोर्टवर असताना टीम किती पॉइंटने पुढे गेली किंवा मागे पडली) एका मॅचचं असेल तर सोडून द्या, सोबत चार स्टार्टर असले की कोणाचंही चांगलं दिसतं.

राहता राहिलं पुढचं वर्ष. त्याच्या पोझिशनवर पुढे कोण आहे, तो सीनियर म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे का, ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या प्लेअर्सची यादी) कोच तिथेच कोणाला आणतोय का. आणलाच, तर आपल्या पोराबद्दल कोचला काय वाटतं ते कळलंच.