विलायतेतले दूरचे भाऊबंद कसे शोधावेत

घराण्यात बेळगावात राहून गेलेला एखादा गोरा पूर्वज निघाला की आपण त्याच्या बापाचा, आज्याचा माग काढत वर चढत जातो. दूरचे भाऊबंद तिथे सापडत नाहीत. ते असतात इंग्लंडातच राहिलेल्या त्याच्या भावाबहिणींच्या वंशात. म्हणून वर एकच पिढी जा, मग आडवं वळा आणि खाली उतरा.

सुरुवात बेळगावातूनच करा. जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होता. त्यामुळे इथल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या लंडनला धाडलेल्या नकला ब्रिटिश लायब्ररीत मुंबईच्या ‘एन/३’ मालिकेत आहेत. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेणारा इंग्रज सेनापती मन्रो मात्र मद्रास फौजेचा. सुरुवातीच्या वर्षांसाठी मद्रासची ‘एन/२’ही चाळा. नकला फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात, भारतातल्या ब्रिटिश घराण्यांचा शोध घेणाऱ्या फिबिस संस्थेची सूची फुकट आहे. शोधताना आजचं ‘बेळगावी’ टाकू नका, २०१४ आधीचं इंग्रजी स्पेलिंग (Belgaum) टाका.

लग्नाची नोंद आधी काढा, कारण तीत नवऱ्याच्या बापाचं नाव सापडू शकतं (फार जुन्या नोंदींत ते बहुधा नसतं). बायको इथली असेल तर तिचं नुसतं ख्रिस्ती नाव असतं, कधी तेही नसतं. त्यावर अडून बसू नका.

खरी अडचण पूर्वजाच्या गावाची. राणीच्या पलटणीतला शिपाई असेल तर लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ‘डब्ल्यूओ ९७’ कागदांत जन्माचा पॅरिश (म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव) मिळतो. पण १८८३ पूर्वीच्या त्या कागदांत पेन्शन घेऊन सुटलेलेच आहेत. नोकरीत असतानाच बेळगावात मेलेला, इथेच पुरलेला शिपाई तिथे मिळणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींचे कागद ब्रिटिश लायब्ररीत वेगळे आहेत.

पॅरिश कळला की १८५१ ची जनगणना उघडा. १८४१ च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत (२९ चा माणूस २५ चा दिसतो) आणि नातं लिहिलेलंच नाही. १९२१ च्या जनगणनेनंतर एकदम १९३९ ची लोकांची नोंदवही. १९३१ ची जनगणना जळाली, १९४१ ची झालीच नाही.

भावंडं जुळवायला इंग्लंडच्या जन्मनोंदणी कार्यालयाची ऑनलाइन सूची वापरा. १८३७ पासूनच्या जन्मांत आईचं माहेरचं आडनाव आहे. तेच आडनाव, तेच माहेर, तोच जिल्हा, म्हणजे बहुधा सख्खी भावंडं. मुली लग्नानंतर हातून निसटतात. १९१२ पासून फ्रीबीएमडी या फुकट संकेतस्थळावरच्या लग्नांच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव असतं. त्याआधीच्या लग्नांना सूचीतल्या एकाच पानावरची नावं जुळवावी लागतात. १८५८ पासूनची मृत्युपत्रांची सूचीही बघा, मृत्युपत्रात भाचेपुतणे नावानिशी येतात.

डीएनए तपासणी करायची तर नात्याचा हिशेब आधी डोक्यात बसवा. पणजोबा एक असतील तर ‘सेकंड कझिन’, खापरपणजोबा एक असतील तर ‘थर्ड’. ‘रिमूव्ड’ म्हणजे पिढीचा फरक. दुरावलेला असा अर्थ नाही. थर्ड कझिनशी सरासरी ७० च्या आसपास सेंटीमॉर्गन (सारखा डीएनए मोजायचं एकक) जुळतात. दहातल्या एकाशी काहीच जुळत नाही, फोर्थ कझिनमध्ये तर निम्म्यांशी. तेव्हा शून्य आलं म्हणून नातं खोटं ठरत नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची लाळ द्या, तो एक पिढी जवळ असतो.

कुणी सापडलं की पहिल्या पत्रात पूर्वजाचं नाव, पॅरिश, साल आणि डीएनएचा जुळलेला आकडा एवढंच लिहा. जमीन, वारसा, पैसा हे शब्द टाळा. ते दिसले की समोरचा तुम्हाला ठग समजतो आणि उत्तर येत नाही.